सुरळीत घर आणि कर्त्याची उपस्थिती

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



बाजारपेठेत चार व्यापारी एकत्र बसले आणि तेजी-मंदीची चर्चा आटोपली की एक वाक्य हमखास कानी पडते. "घरचे मात्र काही बघावे लागत नाही, सगळे सुरळीत चालले आहे." वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारले जाते आणि ऐकणारेही मान डोलावतात. त्यात असत्य काही नसते. घर खरोखरच सुरळीत चाललेले असते. परंतु ते कोण चालवते, आणि ते सुरळीत चालले आहे याच कारणामुळे घरचा कर्ता पुरुष तेथून हळूहळू कसा वजा होत जातो, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. घर अडखळले असते, तर त्याला जावे लागले असते. ते अडखळत नाही, म्हणून तो जात नाही. पत्रिकेवर व्याख्यानाचा विषय 'अर्थार्जन, गृहव्यवस्था आणि कुटुंबातील उपस्थिती' असा भारदस्त शब्दांत छापला असला, तरी प्रत्यक्षात विषय एवढाच आहे.

जुन्या पेठांतून आजही काही घरे अशी आढळतात की, रस्त्याच्या बाजूस दुकान, मागे किंवा माडीवर बिऱ्हाड आणि दोहोंच्या मध्ये एक दार. त्या दाराला पडदा असे. व्यापारी दिवसभर गादीवर बसलेला असला तरी मुलाचे रडणे, फोडणीचा वास, आलेल्या पाहुण्याची चाहूल त्याला लागे. जेवणासाठी उठणे म्हणजे सात-आठ पावले चालणे. घरात हजर राहण्यासाठी त्याला निराळे काही करावे लागत नसे, वास्तूच ते करीत असे. अर्थात, एवढ्यावरून त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पडद्याआडून चहाचे हुकूम सुटत. परगावचे गिऱ्हाईक, आडते, गुमास्ते यांची पंगत रोज उठे. त्या पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला दुपारी घटकाभर पाठ टेकायला तरी मिळत असेल का, याची शंकाच आहे. पुरुष जवळ होता एवढे खरे. तो सहभागी होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पुढे पेठेतील जागा अपुरी पडू लागली. गावाबाहेर कॉलन्या वसल्या, बिऱ्हाड तिकडे गेले आणि माडीवर साड्यांचा विभाग आला. मधल्या दारापुढे कपाट उभे राहिले.

कापड दुकानाची वेळ ही मोठी विचित्र वेळ आहे. सकाळी दहाला शटर वर जाते, भवानी कधी अकराला होते तर कधी बाराला, दुपार जांभया देण्यात जाते आणि खरी गर्दी सायंकाळी सहा ते साडेआठ या अडीच तासांत होते. मुले शाळेतून घरी येतात, वृद्धांना बोलावेसे वाटते, दिवेलागण होते, त्याच वेळी गल्ल्यावर मालकाची गरज सर्वाधिक असते. वर्षाचेही तसेच आहे. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईची चाहूल लागते, पौष थोडा सुना जातो आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत बस्ते सुरू राहतात. ज्यांनी बस्त्याचा दिवस पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, वधू-वराकडील पंधरा-वीस माणसे सकाळी गादीवर बसतात ती दिवेलागणीलाच उठतात. शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे सुटिंग-शर्टिंग, परकर, अस्तर, ब्लाउजपीस, सारे एका जागी ठरते. आत्या रुसते, मामी समजूत घालते. दुसऱ्यांची संपूर्ण कुटुंबे अशी दिवसदिवस एकत्र बसलेली ज्याने आयुष्यभर पाहिली, त्याच्या स्वतःच्या कुटुंबाला मात्र त्याच्याबरोबर असा एक सलग दिवस मिळत नाही.

पूर्वी कायदा तरी मदतीला होता. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे बंधनकारक केले होते. त्या दिवशी व्यापारी मनाविरुद्ध का होईना, घरी राही. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या अधिनियमाने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्यास मुभा दिली. मात्र प्रत्येक कामगारास आठवड्यातून एक दिवस सुटी मिळालीच पाहिजे, अशी अट घातली. अट योग्यच आहे. परंतु बारकाईने पाहिले तर असे दिसते की, कायद्याने नोकराची सुटी राखली आणि मालकाची सुटी मालकावर सोपवली. ती त्याने कशी वापरली, हे बाजारात फिरून पाहावे.

कायद्याहून जुना असा आणखी एक बंध समाजात होता, तो सूर्यास्ताचा. रात्रीभोजनाचा त्याग पाळणाऱ्या व्यापाऱ्याला डिसेंबरात सहाच्या आत आणि जून-जुलैत सातच्या सुमारास पानावर बसणे भाग पडे. गिऱ्हाईक असो वा नसो, तो उठे. व्रताचा हेतू अहिंसेचा. परंतु त्याचे एक अनपेक्षित फळ असे की, ऐन गर्दीच्या वेळी कर्ता पुरुष पाऊण तास घरी असे आणि सर्वांच्या पंक्तीला बसे. पुढे बिऱ्हाड दूर गेले, तेव्हा व्रत मोडले नाही. डबा दुकानावर येऊ लागला. गादीच्या मागे, कापडाच्या ताग्यांच्या आडोशाला, पाच मिनिटांत जेवण उरकू लागले. नियम अक्षरशः पाळला गेला आणि पंगत मात्र गेली.

कृष्णाकाठच्या एका बाजारगावातील एका व्यापाऱ्याची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. गावात सारे त्यांना अण्णा म्हणतात. वडिलार्जित दुकान, धाकटे बंधू भागीदार, एकुलता मुलगा पुण्यास नोकरीत आणि सून तेथेच एका कचेरीत. घरी अण्णा, त्यांच्या सौभाग्यवती आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या मातोश्री. अण्णांचा कापडातील हात असा की, डोळे मिटून चिमटीत धरले तरी सूत कोणते आणि मिसळ किती हे सांगावे. मात्र मुलगा शाळेत असताना गुरुजींनी रस्त्यात सहज चौकशी केली, तेव्हा तो आठवीत की नववीत हे त्यांना सांगता आले नव्हते. ही गोष्ट ते पुढे अनेक वर्षे विनोद म्हणून सांगत.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि लग्नसराईचा ऐन हंगाम बंद शटरमागे गेला. त्या वर्षीची अक्षय्य तृतीया २६ एप्रिलला आली आणि सुनीच गेली. अण्णा कित्येक आठवडे पूर्ण वेळ घरी होते. मुलगा, सून, नातूही पुण्याहून आले होते. अण्णा घरात उपस्थित होते काय? खुर्चीवर होते. हातात फोन होता आणि फोनवर उधारी होती. त्यातून डोके वर निघाले की समोर दूरदर्शन संच होता. घरात सहा माणसांचे तीन वेळचे सुरू झाले, त्यामुळे त्यांच्या घरी असण्याने सौभाग्यवतींचे काम कमी न होता वाढलेच. घरात असणे आणि घरी उपस्थित असणे यांत अंतर आहे, ही गोष्ट त्या दिवसांत अनेक घरांतील स्त्रियांच्या ध्यानात आली असेल. पुरुषांच्या आली असेलच असे नाही.

अण्णांच्या ती ध्यानात आली दोन वर्षांनी, २०२२ च्या वैशाखात. मोरीत पाय घसरून सौभाग्यवतींच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि सहा आठवड्यांचे प्लास्टर आले. सून आठ दिवस रजा काढून आली. त्याहून अधिक तिला शक्य नव्हते. सकाळच्या स्वयंपाकाला बाई मिळाल्या. प्रश्न सायंकाळचा होता. मातोश्री सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि वाढणाऱ्याचा एक हात गळ्यात अडकलेला. अण्णांना सहाच्या आत घरी जाणे भाग पडले. दुकानात त्या दिवशी दोन बस्ते चालू होते.

पहिल्या आठवड्यात त्यांना जे दिसले ते त्यांनी नंतर मित्रांना सांगितले. आपल्याच घरात आपण परगावच्या पाहुण्यासारखे उभे आहोत, असे त्यांना वाटले. नळाला पाणी एक दिवसाआड पहाटे साडेपाचला येते, आणि मोटर सुरू करण्यापूर्वी कोणती तोटी फिरवायची, हे ठाऊक नाही. आईची रक्तदाबाची गोळी सकाळी अर्धी आणि रात्रीची पूर्ण. पण रात्रीची म्हणजे सूर्यास्तापूर्वीची, हे ठाऊक नाही. पिण्याचे पाणी गाळून उकळायचे ते कोणत्या भांड्यात? अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चालत नाही, म्हणून आदल्या दिवशी कडधान्य भिजत घालावे लागते. म्हणजे रोज सकाळी दिनदर्शिका पाहणारे घरात कोणीतरी होते. दुधाचा हिशेब, गॅसचे बुकिंग, वीजबिलाची मुदत, कोणाच्या लग्नात कोणता आहेर आला होता आणि त्यांच्याकडे आता काय न्यायचे, हे सारे एका व्यक्तीच्या डोक्यात होते. कागदावर एक अक्षरही नव्हते.

आणखी एक गोष्ट त्यांना उमगली. वर्षाचे धान्य भरायचे ते उन्हाळ्यातच. गहू-ज्वारी निवडणे, ऊन देणे, डाळींना एरंडेल लावणे, पापड, सांडगे, कुरडया, सारे चैत्र-वैशाखात. म्हणजे दुकानाचा हंगाम आणि घराचा हंगाम नेमका एकच. दुकानाच्या हंगामासाठी दोन जादा नोकर ठेवले जातात, परगावहून माल महिना-दोन महिने आधी मागवला जातो, बंधूंशी बसून आखणी होते. घराच्या हंगामाची आखणी कोणाबरोबर बसून होते, हा प्रश्न त्यांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी पडला.

हे एका घरापुरते असते तर व्याख्यानात सांगण्याचे प्रयोजन नव्हते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरील व्यक्तींपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसातून काही ना काही विनामोबदला घरकाम करतात. पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यापुरतीच सरासरी काढली, तरी स्त्रियांची २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७. पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, पुन्हा पाहणी झाली तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ आले. दोन्ही खाली आले, अंतर बहुतांशी तसेच राहिले. २९९ मिनिटे म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. दुकानातील नोकराला पाच तासांचा पगार द्यावा लागतो, म्हणून त्याची नोंद होते. न्यायालये या कामाची किंमत ठरवतात, जानेवारी २०२१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यामागील तत्त्व पुन्हा स्पष्टही केले. परंतु तो दावा मोटार अपघाताचा असतो. किंमत ठरते तेव्हा ती स्त्री बहुधा हयात नसते.

प्राप्तिकराच्या कागदपत्रांत हिंदू अविभक्त कुटुंबाच्या प्रमुखास 'कर्ता' म्हणतात, आणि त्या कायद्याच्या दृष्टीने जैन कुटुंबेही त्यात येतात. कर्ता म्हणजे करणारा. सही करतो तो कर्ता, असा त्याचा अर्थ व्यवहारात कधी झाला, हे भाषापंडितांनीच सांगावे.

अण्णांनी प्रथम जे केले ते कोणताही व्यापारी करील तेच केले. दुकानातून एक कोरी वही आणली आणि घराची खतावणी मांडली. स्वयंपाकघरातील डबे ताग्यांसारखे उंचीप्रमाणे लावले. परिणाम असा झाला की, सौभाग्यवतींना डाव्या हाताने मोहरी सापडेना. डबे पूर्ववत झाले. दुधाच्या हिशेबात बी.कॉम. झालेल्या अण्णांची अकरा लिटरची चूक जुन्या मॅट्रिक झालेल्या सौभाग्यवतींनी तोंडी काढून दाखवली. तेव्हा त्या जे बोलल्या ते मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नव्हते. त्या म्हणाल्या, "अहो, मदत कराल तर मला प्रत्येक गोष्ट सांगत बसावे लागते. त्यापेक्षा लक्षात ठेवा, म्हणजे सांगावे लागणार नाही."

या दोन वाक्यांत बराच विचार आहे. 'घरात मदत करतो' असे म्हणणारा पुरुष नकळत असे मान्य करीत असतो की, काम दुसऱ्याचे आहे आणि त्याचे लक्षही दुसऱ्यानेच ठेवायचे आहे. दुकानात असा नोकर कोणी ठेवत नाही. सांगितले तेवढेच करणाऱ्याला हाताखालचा म्हणतात. ज्याला गिऱ्हाईक येण्यापूर्वी कोणता माल संपत आला आहे हे दिसते, तोच पुढे भागीदार होतो.

वेळेबाबतही त्यांचा हिशेब प्रथम चुकला. घरासाठी त्यांनी साडेपाच ते साडेसहा असा एक तास राखला. प्रत्यक्षात निघताना कोणीतरी जुने गिऱ्हाईक दारात भेटे, वाटेत फोन येई, आणि हाती अर्धा तास उरे. सुती कापड पाण्यात आटते, म्हणून शिंपी अंगापेक्षा जास्त कापड घ्यायला सांगतो. ही गोष्ट अण्णांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितली होती. घरासाठी मात्र ते अंगाबरोबर मापून घेत होते. त्यांनी वेळ पाचचा केला. तोवर आणखी एक सवय त्यांच्या ध्यानात आली होती. दिवसाचा तागा दुकानात कापून झाल्यावर जो तुकडा उरे तो घरी जाई, आणि दुकानात तसल्या तुकड्यांना कटपीस म्हणून निम्म्या भावात काढतात.

हे बिनखर्चाचे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. अशा गोष्टी सांगताना केवळ फायद्याची बाजू मांडण्याची प्रथा पडली आहे, ती योग्य नाही. त्या हंगामात दोन मोठे बस्ते हातचे गेले. एक घराणे तर तीन पिढ्यांचे गिऱ्हाईक होते. अण्णा गादीवर नाहीत हे पाहून ते समोरच्या दुकानात गेले आणि परत आले नाहीत. धाकटे बंधू काही दिवस कमी बोलत. त्यांचे म्हणणेही चुकीचे नव्हते. एकाची सायंकाळ मोकळी झाली ती दुसऱ्याच्या सायंकाळीवर. अखेर प्लास्टर निघाल्यावर दोघा बंधूंनी आठवड्याच्या सायंकाळी वाटून घेतल्या, तीन याच्या, तीन त्याच्या, आणि सोमवारी दुकान बंद. व्यापारी संघटनेचा नियम नव्हता, कायद्याची सक्ती नव्हती. सोमवारी अजूनही एखादे गिऱ्हाईक बंद शटर पाहून नाराज होऊन जाते.

सौभाग्यवतींचा हात बरा झाला, तरी अण्णांच्या वाट्याच्या सायंकाळी चालू राहिल्या. जेवणे सूर्यास्तापूर्वी आटोपत. मग मातोश्रींना अर्धा तास काहीतरी वाचून दाखवायचे. धर्मग्रंथांबरोबर कधी चरित्र, कधी जुन्या गोष्टी. एकदा मंदिराच्या ग्रंथभांडारातून अण्णांनी कविवर बनारसीदासांचे 'अर्धकथानक' आणले, हिंदी अनुवादासह छापलेले. ते पुस्तक येथे अनेकांना ठाऊक असेल. बनारसीदासांचा जन्म १५८६ चा, जौनपूरचा. जातीने श्रीमाळ, व्यवसायाने व्यापारी. आग्ऱ्यास असताना १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी आपले आयुष्य पावणेसातशे पद्यांत लिहून काढले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानले, म्हणून ही अर्धी कथा. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु व्यापाऱ्याने ते वाचावे ते वेगळ्या कारणासाठी. त्यात नुकसान लपवलेले नाही.

वडिलांनी जवाहीर, तूप, तेल, कापड असा माल देऊन तरुण बनारसीला आग्ऱ्यास पाठवले. धंदा बुडाला. अशी वेळ आली की, एका हलवायाकडे सहा-सात महिने उधारीवर कचोरी खाऊन दिवस काढावे लागले. पुढे तो खैराबादला सासुरवाडीस गेला. पत्नी तेथेच होती. त्याने आपली दशा आधी झाकून ठेवली, परंतु पत्नीने एकांतात विचारून खरे काढून घेतले. मग तिने आपल्याजवळ साठवलेले वीस रुपये त्याच्या हाती ठेवले. एवढ्यावर न थांबता आपल्या आईला गुपचूप सांगितले आणि आईने दोनशे रुपये दिले. त्या भांडवलावर त्याने कापड आणि मोती घेतले आणि तो पुन्हा आग्ऱ्यास गेला. पुढे तो परगावी असतानाच सासरहून पत्र आले. त्या एकाच पत्रात पत्नी आणि तिचे तान्हे मूल गेल्याची बातमी होती आणि तिच्याच बहिणीशी त्याची सोयरीक ठरल्याचीही. ज्या स्त्रीने वीस रुपये दिले तिच्या अखेरच्या वेळी तो तेथे नव्हता. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली, एकही जगले नाही. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

अण्णा हे वाचत असताना वीस रुपयांच्या प्रसंगाशी मातोश्री हसल्या. म्हणाल्या, "वीसच ना? माझ्या चार पाटल्या होत्या."

अण्णांना काही कळेना. तेव्हा मातोश्रींनी सांगितले ते असे. १९७२ चा दुष्काळ. जत-आटपाडीकडील ज्या गिऱ्हाइकांवर दुकान चालत होते ते दुष्काळी कामावर खडी फोडत होते. लुगडे घेणार कोण? उधारी अडकली, मुंबईच्या आडत्याचा तगादा सुरू झाला. वडील रात्री झोपत नसत, पण घरात बोलतही नसत. एके दिवशी मातोश्रींनी माहेरच्या चार पाटल्या काढून सराफाकडे मोडायला दिल्या. हातात काचेच्या बांगड्या वाढवल्या, म्हणजे मोकळे मनगट दिसू नये. सासूबाईंना वर्षभर कळले नाही. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. दुकान त्या वर्षी कसे वाचले, याची त्यांनी आजवर ऐकलेली कथा वडिलांच्या बाजारातील पतीची होती.

"मग इतकी वर्षे सांगितले का नाही?" अण्णांनी विचारले.

"तू सायंकाळी कधी घरी होतास?" मातोश्री म्हणाल्या. बोलण्यात राग नव्हता.

सोमवारी दुकान बंद होते. अण्णांनी माळ्यावरून जुन्या वह्यांचे गाठोडे काढले. दिवाळी १९७२ ते दिवाळी १९७३ चा रोजमेळ लाल कापडात नीट गुंडाळलेला होता. चैत्रातील एका पानावर वडिलांच्या वळणदार अक्षरांत जमेच्या बाजूस एक ओळ सापडली, "घरून जमा रु. १,८५०". नाव नव्हते. वडिलांच्या रोजमेळात नावाशिवाय जमा केलेली दुसरी रक्कम अण्णांना आढळली नाही.

वही त्यांनी घरी आणून मातोश्रींना दाखवली. त्यांना आता अक्षर दिसत नाही, त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "ते परत आले होते की नाही, तेवढे बघ. मला आता आठवत नाही."

सौभाग्यवतींनी दिवा जवळ आणला. अण्णांनी आधी त्या वर्षीची सारी पाने पाहिली, मग पुढच्या वर्षाची वही आणली, मग त्यापुढची. परतफेडीची नोंद कोठेही नव्हती.